कोंब मोडणारी भिवरा

एका राज्यात मांत्रिकाचा शब्द राजाच्या शब्दाहून मोठा झाला होता. तिथे घरोघरी टोमॅटोची झाडे छपराला टेकत आणि फळे मात्र दोनच धरत. मांत्रिकाचा शापच तसा होता: जो हिरवा कोंब मोडेल, त्याचे बोट लाकूड होईल. वर कायदा असा की, दसऱ्यापर्यंत ज्याच्या झाडाने टोपली भरली नाही, त्याचे अंगण मांत्रिकाचे. शिपाई येत, अंगण चटईसारखे गुंडाळत आणि मांत्रिकाच्या बागेत नेऊन पसरत. लोक हात जोडून बघत. राजाही बघे.

भिवरा कुंभारीण बघत बसणाऱ्यांतली नव्हती. तिचे चाक, तिची भट्टी, सारे अंगणात. अंगण गेले की पोट गेले.

कुंपणावरची साळुंकी म्हणाली, “भिवरा, तीन कामे आहेत. करशील?”

“सांग. रडायला मला वेळ नाही.”

“रोप गळ्यापर्यंत पूर.”

तिने पुरले. शेजारचा गोंदा सोनार हसला, “वैनी, जिवंतच गाडलंत की बिचाऱ्याला!”

पुरलेल्या खोडाला मुळ्या फुटल्या. झाड मनगटाएवढे जाड झाले.

“आता पानांच्या बगलेतले कोंब मोड. ते फळांचा घास खातात.”

भिवराने पहिला कोंब मोडला. डावी करंगळी लाकूड झाली. दुसरा मोडला. शेजारचे बोट गेले.

“थांबतेस?”

“बोटं माझी आहेत. त्याच्या बापाची नाहीत.”

पाचव्या कोंबाला डावा पंजा पुरता लाकडाचा झाला.

“तिसरे काम. ऊन वर आले की फुलांचे घोस हलव. पराग झडला की फळ धरते.”

लाकडी बोटांनी तिने रोज घोसांवर टकटक केली. पिवळी धूळ उडाली. फळे इतकी लगडली की बांबूचा आधार वाकला.

दसऱ्याला मांत्रिक राजाला घेऊन आला. दारात पाच टोपल्या भरलेल्या.

“हिने कोंब मोडले,” मांत्रिक गरजला. “अंगण माझे!”

“कायद्यात टोपली लिहिलीय. पाच आहेत. मोजता येतं ना?”

“उजवा हातही जाईल!”

भिवराने त्याच्या डोळ्यांत बघत उजव्या हाताने आणखी एक कोंब मोडला. अंगठा ताठ झाला.

“वैनी, एकटीनंच होय?” गोंदा ओरडला आणि त्याने आपल्या झाडाचा कोंब मोडला. मग पलीकडच्या घराने. मग साऱ्या गल्लीने.

शाप एकच होता, हात पाचशे. तो या हातातून त्या हाताकडे धावला, धापा टाकू लागला आणि धूर होऊन विरला. भिवराची बोटे मऊ झाली. मांत्रिक उभ्या जागी बुजगावणे झाला. नेलेली अंगणे चालत आपापल्या दारी आली.

राजा घसा खाकरून म्हणाला, “आजपासून कोंब मोडण्याची परवानगी देत आहोत.”

“मागितली कुणी?” भिवरा म्हणाली. “महाराज, जरा बाजूला व्हा. झाडाच्या आळ्यात उभे आहात तुम्ही.”

राजा बाजूला झाला.