एका दमात सांगायचा घाट

पुष्कळ वर्षं झाली त्याला. तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. एका मोठ्या नदीच्या काठी एक नगर होतं आणि साऱ्या नगराला मिळून एकच भलंमोठं भांडार होतं. दाणागोटा, कापड, औषध, जे हवं ते तिथे मिळायचं.

त्या भांडाराची एक गंमत होती. त्याची बरीचशी दालनं मुळात रिकामीच होती. गोदामाएवढ्या नौका यायच्या आणि नदीच्या बाजूने एकेका दालनाच्या दाराला जोडल्या जायच्या. आत फिरणाऱ्याला कळायचंही नाही, की दालन कुठे संपलं आणि नौका कुठे सुरू झाली. हसू नका. तुम्ही संगणकाला पेनड्राइव्ह जोडता, तेव्हा त्याच्या पोटात हेच घडतं. तिथेही जोडणी करून देणारा एक दरवान बसलेलाच असतो.

ही जोडणीची रीत भांडार बांधणाऱ्या स्थपतीने ठरवली होती. माणूस हुशार, पण हुशारीची घमेंड फार. नावाड्याने घाटावर यायचं आणि सगळं एका दमात सांगायचं: नौका कुणाची, माल कोणता, कुठल्या दाराला जोडायची, लोकांनी नुसतं घ्यायचं की आत ठेवायचंही. दरवान ऐकून घेई, नौका न्याहाळी आणि म्हणे, 'जोडली', नाहीतर 'चालणार नाही'. याखेरीज तोंड उघडायची त्याला मनाई होती. आणि जोडल्याशिवाय माल उतरवायची बंदी होती.

स्थपतीची धाकटी बहीण नगरात वैद्य होती. ती त्याला म्हणे, "दादा, परत पाठवायचं तर पाठव बापडा, पण काय चुकलं ते तरी दरवानाला सांगायला लाव."

"अगं, घाटावर गप्पा सुरू झाल्या की रांग लागेल," स्थपती म्हणे. "चुकणाऱ्याने आपली चूक आपण शोधावी. आपण काय शाळा काढली आहे?"

बहुतेक नौका जोडल्या जात होत्या, त्यामुळे लोकही खूश होते. ज्या परत जात, त्यांची चौकशी कोण करणार?

मग एका वर्षी नगरात ताप शिरला. बहीण घरोघर फिरून औषध देत राहिली. औषध संपलं, आणि तीच आडवी झाली. वरच्या डोंगराळ मुलखात तापावरचं काडेकिराईत पुष्कळ होतं. तिकडे निरोप गेला होता. शुद्धीत आली की बहीण विचारायची, "आली का रे दादा नौका?" स्थपती तिच्या उशाशी बसून सांगायचा, "येईल गं. एकदा घाटाला लागली, की माझ्या रीतीने जोडायला कितीसा वेळ लागतो?"

नौका आली. ती घेऊन एक पोक्त नावाडीण आली होती. औषधात भेसळ होऊ नये म्हणून डोंगरातल्या लोकांनी नौकेवर मोहोर लावली होती, की यातून फक्त घ्यावं, आत काही ठेवू नये. पण या घाटावरचे सगळे नावाडी बोलणं संपवताना 'घ्या आणि ठेवा' असंच म्हणत आले होते. सवयीने तीही तेच म्हणाली.

दरवानाने मोहोर पाहिली. ही बाई म्हणते ठेवा, मोहोर म्हणते ठेवू नका.

"चालणार नाही," तो म्हणाला.

"अहो दरवानदादा, औषध आहे हो!"

"चालणार नाही."

तिला वाटलं, दार चुकलं. तिने दुसरं दार सांगितलं. मग वाटलं, मालाचं नाव नीट सांगितलं नाही. तेही सावकाश सांगून पाहिलं. पण शेवटी 'घ्या आणि ठेवा' होतंच, आणि उत्तरही तेच होतं. दरवानाच्या अगदी ओठांवर आलं होतं. 'ठेवा' तेवढं गाळा बाई, इतकंच तर सांगायचं होतं. पण हुकूम म्हणजे हुकूम. त्याने मान खाली घातली.

"तुमच्या नगराला आमचं औषध नको असेल," नावाडीण म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. खालच्या गावांतही ताप होताच. तिने नौका प्रवाहात सोडली.

स्थपती धावत घाटावर आला तेव्हा तिथे नौका नव्हती. दरवानाने घडलं ते सांगितलं.

"काय चुकलं ते तुला ठाऊक होतं?"

"होतं, धनी. सांगायची मुभा नव्हती."

घोडेस्वार सुटले. त्यांनी खालच्या गावाहून औषध परत आणलं आणि पुष्कळ लोक वाचले. स्थपतीची बहीण मात्र त्याआधीच गेली होती.

स्थपती खूप रडला. मग त्याने शेजारी नवा घाट बांधला आणि तिथे नवी रीत घातली. नावाड्याने पायरीवर निवांत बसावं आणि एकेक गोष्ट सांगावी. दरवानाने तिथल्या तिथे उत्तर द्यावं, आणि नाही म्हटलं तर का नाही तेही सांगावं. सगळं जुळल्यावर, अगदी शेवटी, नौका दाराला लावावी. रीत खरोखर चांगली होती. रांगसुद्धा लागली नाही.

"आता तो जुना घाट बंद करा," तो राजाला म्हणाला.

"कसा करू?" राजा म्हणाला. "लांबलांबच्या नावाड्यांना तेवढीच रीत येते. उद्या ते येतील आणि घाटच नसेल. त्यांचा काय दोष?"

"मग निदान तिथल्या दरवानाला बोलू द्या."

"त्यांना दोन उत्तरांची सवय आहे. तिसरं काही ऐकलं तर गोंधळून भलतंच करून बसतील. आणि ही सवय त्यांना तूच लावलीस."

राजाचं बोलणं खरं होतं, म्हणून स्थपतीला ते फार लागलं. म्हातारपणी तो त्या जुन्या घाटावरच बसून असे. एखादी नौका माघारी फिरली, की काठाकाठाने धावत ओरडे, "अहो थांबा, काय चुकलं ते मी सांगतो!" कुणी थांबत. पुष्कळांना पाण्याच्या आवाजात ऐकूच येत नसे, आणि ते भरल्या नौकेनिशी निघून जात.

म्हणून सांगतो, दार बांधतानाच त्याला 'का नाही' ते सांगायला शिकवा. लोकांना एकदा मुक्या दाराची सवय झाली, की ते दार बांधणाऱ्यालाही बदलता येत नाही.