राजवाड्याचे न लागणारे दार

एका राज्यात, ज्याचे नाव सांगणारेही आता उरले नाहीत, राजवाड्याचे थोरले दार लागत नव्हते. लोटले की चार बोटे अलीकडे अडे, आणि जोर केला की कण्हे. त्या फटीतून एक गार वारा आत येई. तो दिव्यांना शिवत नसे, पडद्यांना शिवत नसे; थेट राजकन्या चारुमतीकडे जाई. आधी तिची पावले दगडाची झाली, मग गुडघे, मग कंबर. आता दगड गळ्याशी येऊन ठेपला होता.

राजा मेघदत्ताने गावोगावचे सुतार बोलावले. जो येई तो दारावर रंधा मारून जाई. दार झिजत गेले, फट सहा बोटांची झाली, पण अडायचे ते अडतच राहिले. मग एक मांत्रिक आला. त्याने चौकटीत सात मंतरलेले खिळे ठोकले. सकाळी सातही खिळे त्याच्याच पायताणात निघाले, आणि तो अनवाणी पळाला. एरवी लोक पोट धरून हसले असते. पण त्या राजवाड्यात हसायचे दिवस सरले होते.

शेवटी सीमेवरच्या खेड्यातून धाकोजी सुतार आला. म्हातारा, एका डोळ्याने अधू, तोंडाने फटकळ. त्याच्या हत्यारांच्या पेटीवर एक साळुंकी बसे. ती जन्मात खोटे बोलली नव्हती, म्हणून लोक तिच्याशी बोलणे टाळत. धाकोजीने रंधा बाहेर काढलाच नाही. दार तासण्याआधी ते कुठे घासते ते बघायचे असते, एवढी साधी गोष्ट इतक्या शहाण्यांत कोणाला सुचू नये, असे तो राजाच्या तोंडावर म्हणाला. राजाने ऐकून घेतले. मुलगी दगड होत असली की राजालाही ऐकून घ्यावे लागते.

साळुंकी म्हणाली, “कामे तीन आहेत. चेटकिणीच्या डोंगरावरचा गेरू आण. तो न दिसणाऱ्यालाही लागतो. मग तो दाराच्या कडेला फास आणि दार हळू लोट. तिसरे काम तुझे नव्हे.”

“मग कोणाचे?” धाकोजीने विचारले.

“ते गेरू सांगेल.”

धाकोजी डोंगर चढला. चेटकिणीने गेरूच्या बदल्यात त्याची सावली मागितली. त्याने ती देऊन टाकली. या वयात तिचा उपयोग तरी काय, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्या दिवशी तो परतला, तेव्हा चारुमतीची हनुवटी दगडाची झाली होती.

त्याने कडेला गेरू फासला आणि दार हळू लोटले. ते अडले. मागे ओढून पाहिले तर कडेचा गेरू निघाला होता, पण चौकट कोरी होती, उंबरठाही कोरा होता. गेरू हवेत होता. उंबरठ्याच्या जरा वर पावलाची पाच बोटे लाल दिसत होती. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

राजाने ते पाऊल ओळखले. त्याचा मुलगा सुबंधू वर्षापूर्वी लढाईला गेला होता आणि घोडा एकटाच परतला होता. राजाने सुतक पाळू दिले नव्हते. सुबंधू घरात पाऊल टाकीपर्यंत लागायचे नाही, असे त्याने दाराला बजावले होते, आणि त्या राज्यात राजाचा शब्द लाकूडही मानी. मेलेल्याला आत येता येत नव्हते, आणि बापाच्या शब्दामुळे जाताही येत नव्हते. पोर वर्षभर तिथेच उभे होते. त्याचा जीव बहिणीत होता, म्हणून त्याचा गारठा तिच्याकडे ओढ घेई.

“वर्षभर आम्ही त्याच्या पायावर दार आपटत होतो,” राजा म्हणाला.

साळुंकी म्हणाली, “ज्याने थांबवले, त्याने निरोप द्यावा.”

राजा उंबरठ्याशी बसला. आपल्या माणसांत निघणाऱ्याला कोणी ‘जा’ म्हणत नाही, ‘ये’ म्हणतात. ‘जा’ हा शब्द राजाच्या ओठांवर येईना. तो उपरण्याने एकेक बोट पुसू लागला, आणि पुसलेले बोट दिसेनासे होई. करंगळी तेवढी त्याने बराच वेळ धरून ठेवली. मग त्याने मागे वळून पाहिले. दगड डोळ्यांपर्यंत चढला होता; चारुमतीच्या पापण्या लवायच्या थांबल्या होत्या.

“जा, बाळा,” तो म्हणाला. “आता येऊ नकोस.”

त्याच्या हातातले बोट सुटले. धाकोजीने दार लोटले आणि ते चौकटीत जाऊन बसले. इतक्या रंध्यांनी ते अरुंद झाले होते, म्हणून त्याने कडेला सागाची पट्टी ठोकली आणि आधीच्या सुतारांना चार शिव्या हासडल्या. वारा थांबला. दगड चारुमतीच्या डोळ्यांवरून उतरला, गळ्यावरून उतरला, कमरेवरून उतरला, पावलांतून जमिनीत गेला. दुसऱ्या दिवसापासून राज्याने तेरा दिवस सुतक पाळले, आणि चौदाव्या दिवशी दरबार भरला.

पण दार लागले त्या दिवशी, अंगात ऊब येताच, चारुमतीने बंद दाराकडे पाहिले.

“दादा गेला?” तिने विचारले.

“गेला,” राजा म्हणाला, आणि वर्षात पहिल्यांदा बापलेक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

निघालेल्यांची वाट मोकळी होवो, राहिलेल्यांचे दार नीट लागो.