एका क्रियापदाचे दोन अर्थ

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा धुके सकाळी उठून माणसांसारखे रानात जाई आणि संध्याकाळी परत येई, असे सांगतात. मुलांनो, तुम्ही ऐका आणि शेजारी बसलेल्या मोठ्यांनाही ऐकू द्या.

एका राजाचा महाल पांढऱ्या दगडाचा होता. राजाला एकदा स्वप्न पडले, की महालासमोर मोठे तळे आहे आणि त्यात दुसरा महाल उलटा तरंगतो आहे. जाग आली तरी ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. मग त्याने डोंगरातला झरा वळवून महालासमोर तळे भरायला घेतले.

राजा दुष्ट नव्हता. महिन्याभराने त्याने डोंगरावरच्या वस्तीला निरोप धाडला, “पाणी वळवलं, तुमची काही अडचण तर नाही ना?”

उत्तर द्यायला एक म्हातारी दरबारात आली. तिला राजाची भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषा मधे उभा राहिला. म्हातारी एवढेच म्हणाली, “आम्ही ओहावतो.”

दुभाषा क्षणभर थांबला. डोंगरी बोलीतले हे क्रियापद त्याला चांगले ठाऊक होते. पायात काटा मोडलेला माणूस म्हणे, मी ओहावतो. अंगणात शिरलेल्या परक्या वासराला न हाकलणारी बाईही म्हणे, मी ओहावते. एक अर्थ सोसणे, दुसरा चालू देणे.

त्याने राजाकडे पाहिले. राजाचा चेहरा आशेने उजळला होता. दुभाषा म्हणाला, “महाराज, त्यांची काही हरकत नाही.”

राजाने त्याला शेला दिला. आपले म्हणणे पोचले असे समजून म्हातारी डोंगर चढू लागली.

तळे भरले. चांदण्यासारखा शुभ्र महाल पाण्यात उतरला आणि लोक तासन्‌तास काठावर बसून राहू लागले. दुभाष्याला मात्र तिथे बसवेना. तो थांबलेला क्षण त्याला पुन्हा पुन्हा आठवे.

वर्षाने तो एकटाच डोंगरावर गेला. झऱ्याच्या जागी कोरडे गोटे होते. संत्र्यांची झाडे उभ्या उभ्या वाळली होती. चाळीस घरांपैकी अकरा बंद होती. म्हातारी दोन टेकड्या ओलांडून पाणी घेऊन येत होती. तिने त्याला ओळखले आणि आधी त्याला प्यायला दिले.

त्याने पाणी तसेच खाली ठेवले. “आजी, मी राजाला सांगितलं, तुमची हरकत नाही म्हणून.”

म्हातारी म्हणाली, “आम्ही सोसतोय, असं सांगायला आले होते मी.”

“शब्द एकच आहे, आजी. कुठला अर्थ घ्यायचा ते कसं कळणार?”

“आमच्यात तान्ह्या पोरालाही कळतं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की कळतं. तू त्या दिवशी राजाच्या तोंडाकडे बघत होतास, बाबा.”

दुभाषा त्याच पावली खाली उतरला. दरबारात त्याने शेला राजापुढे ठेवला आणि सगळे सांगितले. “मला दोन्ही अर्थ येत होते, महाराज. तुम्हाला आवडेल तो मी निवडला.”

राजा उठून तळ्याकाठी गेला आणि अंधार पडेपर्यंत पाण्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः उभे राहून तळ्याचा बांध फोडवला आणि झऱ्याची जुनी वाट मोकळी केली. पाण्यातला महाल हळूहळू चुरगळला आणि नाहीसा झाला. उरला नुसता चिखल.

झरा परत डोंगरात वाहू लागला. दुभाष्याचे पद गेले. तो डोंगरावर राहायला गेला आणि म्हातारीच्या शेजारी संत्र्याची नवी रोपे लावू लागला. काही वर्षांनी त्यांना फळे धरली. पण ती अकरा घरे पुन्हा उघडली नाहीत. ती माणसे कुठे गेली, हे कोणालाच सांगता आले नाही.

तात्पर्य: कोणी मुकाट्याने सोसतो आहे, म्हणून त्याची संमती आहे असे समजू नये.