त्या वर्षी चषक कोणाचा?

"आणि ज्या वर्षी मैनेचा स्वार पडला, त्या वर्षी चषक कोणी जिंकला?"

"तुम्ही," विश्वजित म्हणाला.

"चूक."

विश्वजित पिसाळ हसला. त्याला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. पण इनायत उस्ताद सावळीच्या खुरात अडकलेली माती आकडीनं उकरत होते. वर बघतसुद्धा नव्हते.

छावणीच्या मैदानावर उद्या अडथळ्यांची शर्यत होती. सावळी घोडी उस्तादांच्या तबेल्यातली. तिच्यावर विश्वजित बसणार की बंगळूरहून बोलावलेला भाड्याचा जॉकी, हे उस्ताद संध्याकाळपर्यंत सांगणार होते. कॉलेज अर्ध्यात सोडून विश्वजित दोन वर्षं इथं लीद उपसत होता, ती या एका शर्यतीसाठी. आणि नेमकं आज सकाळीच सरावात सावळीनं चरावरच्या कुंपणाला गुडघे घासले. पाठीवर तोच होता.

त्यावर उस्ताद अक्षरही बोलले नाहीत. दुपारी त्याला बोलावून फक्त म्हणाले, "चषकाचा इतिहास सांग."

एवढंच? हा तर त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता.

त्यानं घडाघडा सांगितलं. गोऱ्या अंमलदारांनी दारूच्या नशेत पैज लावली... छावणीच्या चर्चपासून खंडोबाच्या देवळापर्यंत नाकासमोर जायचं, मधे ओढा येवो, बांध येवो, निवडुंग येवो. पहिला विजेता लाल मिशांचा एक कॅप्टन. मग संस्थानचा घोडा गुलजार, लागोपाठ तीन वर्षं. मग राजहंस. त्याला तर शर्यतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत टांग्याला जुंपत होते.

उस्ताद "हं... हं..." करत राहिले. आणि मग हे.

"क्लबच्या व्हरांड्यात फळी आहे, उस्ताद. सोनेरी अक्षरांत लिहिलंय. घोडा शाहीर, स्वार इनायत शेख. मी रोज वाचतो."

"फळी रंगवणारा शर्यत बघायला आला नव्हता."

"म्हणजे?"

"मैनेनं दुसऱ्याच कुंपणाला स्वार फेकला. आणि पळत राहिली. रिकामं खोगीर घेऊन, सगळ्यांच्या पुढं. एक कुंपण चुकवलं नाही तिनं."

"आणि शाहीर?"

"दमला होता. मीही. चरापाशी आलो तर माझे हातच उठेनात. सोडला लगाम... ती उडाली, तिच्या मागं हा उडाला. तसंच शेवटपर्यंत."

विश्वजित गोंधळला. हे फळीवर नव्हतं.

"म्हणजे मैना जिंकली."

"स्वार नसलेला घोडा निकालात धरत नाहीत. एवढा नियम माहीत नाही?"

"मग शाहीर."

"शाहीर तिच्या मागून आला. आत्ताच सांगितलं ना?"

"मग काय मैनेचा स्वार जिंकला?"

"तो दुसऱ्या कुंपणापाशी बसून शिव्या घालत होता."

"मग कोण?"

उस्तादांनी घोडीचा दुसरा खूर उचलून मांडीवर घेतला.

"तेच तर तुला विचारतोय, पिसाळसाहेब."

...

म्हातारी माणसं अशीच. सरळ उत्तर दिलं तर आपली किंमत उतरेल, असं त्यांना वाटतं. विश्वजितच्या घरीही हेच. कॉलेजातही हेच. तिथून तो पळाला, तर इथंही हेच!

त्याचं डोकं सटकलं.

"फळीवर नाव लावून घेतलंत. चषक घरी नेलात. आयुष्यभर उस्ताद म्हणवून घेतलंत. आणि आता सांगताय, मी जिंकलोच नाही? मग परत का नाही केलात?"

"कोणी मागितला नाही."

"घोडी मला द्यायची नसेल तर तोंडावर सांगा. कोडी कसली घालताय? मी आत्ता बॅग भरतो."

उस्तादांनी खूर खाली ठेवला. हात पायजम्याला पुसले.

मग त्यांनी खोगीर आणलं. सावळीच्या पाठीवर टाकलं, तंग आवळला. म्हणजे दिली? विश्वजितनं घाईघाईनं शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली अडकवला आणि पुढं झाला.

उस्तादांनी त्याला कोपरानं मागं सारलं.

त्यांनी पाय अडकवायच्या दोन्ही रिकिबी वर सरकवून खोगिराला बांधल्या. लगामाची गाठ मारून तो घोडीच्या मानेवर टाकला. सरावाच्या फेऱ्याचं फाटक उघडलं... आणि तिच्या पुठ्ठ्यावर एक थाप मारली.

सावळी निघाली.

दोन्ही बाजूंना कठडा, मधे वाट, वाटेत कुंपणं. पहिलं गेलं. दुसरं गेलं. विश्वजित कठड्याला धरून उभा होता. चर जवळ आला, तसे त्याचे हात आपोआप आवळले गेले. सकाळी इथंच त्यानं लगाम खेचून तिचं तोंड आभाळाकडं केलं होतं. ती पडेल या भीतीनं.

आता तिचे कान पुढं झाले. तिनं मान लांब केली, पाऊल जरा आखडलं, कुणी न सांगता... आणि उठली. कुंपणाची काडी हलली नाही.

फेरा पुरा करून ती परत आली. फाटकापाशी थांबली. अंग घामानं चमकत होतं, नाकपुड्या फुललेल्या, आणि नजर अशी, की काय, आणखी एक?

विश्वजितनं तिच्याकडं बघितलं नाही.

सगळी नावं त्याला पाठ होती. गुलजार, राजहंस, शाहीर. त्यांच्या पाठीवर कोण होतं, तेही. मनातल्या मनात फळीवर त्यानं स्वतःचं नावसुद्धा रंगवून ठेवलं होतं, शेवटच्या नावाखाली. आता त्या नावाचं काय करायचं, ते त्याला कळेना. पुसायचं? की ठेवायचं?

"मी नसलो की ती बरी पळते," तो म्हणाला.

"हं."

"मग स्वार लागतो तरी कशाला?"

"नियम आहे."

"उस्ताद, मस्करी नको..."

"मस्करी नाही. नियम आहे."

विश्वजितनं शिरस्त्राण काढलं. ते कुठं ठेवावं हेही सुचेना, म्हणून हातातच धरून राहिला. रागवायला गेला, पण राग सापडेना.

"मग बंगळूरवाल्याला सांगा," तो म्हणाला. "मला नाही कळत आता काही. जिंकलं कोण, ते कळत नाही. मी वर बसून काय करतो, तेही कळत नाही."

उस्ताद सावळीच्या मानेवरून हात फिरवत होते.

मग त्यांनी लगामाची गाठ सोडली. एक रिकीब खाली घेतली. घोडीला वळसा घालून पलीकडं गेले, दुसरी खाली घेतली. लगाम विश्वजितच्या हातात दिला.

"उद्या तूच बस," ते म्हणाले. "फक्त तिला कळू देऊ नकोस."