ठकू सुईणीनं कपाळं वाचली

खरं मानून दाखवा बघू! यातल्या एका शब्दावर जरी तुमचा विश्वास बसला, तरी मी हरले म्हणायची. बसा, आणि आधीच दात काढू नका.

करवंदगडच्या राजा गुमानरावापुढं ठकू सुईण उभी होती आणि जागची हलत नव्हती. गडाखाली पाथरवटांची वस्ती. तिथलं एकूण एक पोर ठकूच्या हातावर जन्मलेलं. गेल्या साली गोवर आला, वैद्य तीन कोसांवर. तो येईतो तीन पोरं गेली! तेव्हापासून ठकूचा एकच धोशा. वस्तीला वैद्य द्या, पोरांना शाळा द्या.

राजा लोडाला टेकून विडा चघळत होता.

"पाथरवटांना शाळा? अगं, तुमच्या पोरांच्या पाचवीलाच दगड पुजलेत! सटवाईनं त्यांच्या कपाळी दगड फोडणं लिहिलंय. तिचं लिहिलेलं पुसणारा मी कोण?"

"लिवलंय? सरकारांनी वाचलं व्हय?"

दरबार खुसखुसला. राजाला ठसका लागला.

"फार शहाणी ना तू? मग तूच वाच! आठ दिवसांत, भर दरबारात, तुझ्या पोरांच्या कपाळावर काय लिहिलंय ते वाचून दाखव. पटलं तर वैद्यही देतो, शाळाही देतो. नाही जमलं, तर सात वर्षांवरचं प्रत्येक पोर माझ्या नव्या बुरुजावर खडी वाहील!"

दिवाणजी तर हसून हसून लोळायचे बाकी होते. "ठकूबाई, अक्षर कुठल्या बाजूनं धरतात ते तरी ठाऊक आहे का?"

"आठ दिस हाईत की, दिवाणजी," ठकू म्हणाली आणि निघाली.

वस्तीत भिवा पाथरवटानं कपाळ बडवलं. "म्हातारे, काय करून बसलीस! माझी येसू परवाच सात वर्सांची झाली गं!"

"मग चांगली न्हाऊ घाल तिला. दरबारात जायचंय."

वर बोलली खरी, पण मनात काहीच ठरलेलं नव्हतं. कपाळ वाचायचं म्हणजे काय करायचं, ते तिला तरी कुठं ठाऊक!

तिसऱ्या दिवशी राणीसाहेबांच्या पोटात कळा सुरू झाल्या. राजवैद्य दोन, दाया चार, पण राणी ओरडली, "ठकूला आणा!" ठकू गेली, हातावर राजपुत्र आला, तोफा उडाल्या.

पाचवीचा दिवस आला. दिवेलागणीला ठकूनं पूजा मांडली. पाटा मांडला, वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं. मांडता मांडता तिचा हात कोऱ्या कागदाशी गेला आणि थबकला. मग काय झालं कोण जाणे, म्हातारी गालात हसली. कागद, बोरू, दौत, सगळं गुपचूप ओच्यात दडवलं!

उंबऱ्याबाहेरून राजा मान लांब करून बघत होता.

"ठकू, कागद कुठाय? दौत कुठाय?"

"कशाला, सरकार? सटवाई काय, लिवायचं ते लिवंलच की."

"रिकाम्या हातानं? अगं, रात्री ती यायची, साहित्य घरच्यांनी मांडायचं. वाडवडिलांपासूनची रीत आहे!"

"आन् न्हाई मांडलं तर?"

"तर लिहील कशानं? पोराचं कपाळ कोरं राहील! मांड आधी!"

"राणीसाहेब, ऐकलंत न्हवं?"

"ऐकलं," राणी पलंगावरून म्हणाली. चारी दायांनीही माना डोलावल्या.

"मंग मांडते," म्हणत ठकूनं ओच्यातून सगळं काढून पाट्याशी ठेवलं.

आठव्या दिवशी सकाळी वस्तीतली सगळी पोरं दरबारात. न्हाऊ घातलेली, तरी निम्म्यांची नाकं वाहतायत. ठकूनं येसूला पुढं ओढलं, पदराला थुंकी लावून तिचं कपाळ पुसलं आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"काय लिहिलंय?" राजा पुढं वाकला.

"काय बी न्हाई."

दुसरं पोर घेतलं. "हितं बी न्हाई." तिसरं घेतलं. "ह्ये बी कोरं!"

"हरली!" दिवाणजींनी टाळी पिटली. "खडीच्या पाट्या आणा रे!"

"थांबा की! वाचून तर झालं. सरकार, काल सांजच्याला तुमीच म्हणलात, घरात कागद-दौत नसंल तर कपाळ कोरं राहतं. राणीसाहेब साक्षीला हाईत. आमच्या वस्तीत कुणाच्या घरी बोरू तरी हाय का? आम्ही पाचवीला पाच खडे पुजतो. सटवाई बिचारी आली, इकडं तिकडं बघितलं आन् तशीच गेली! आता यांच्या कपाळी दगड लिवलाय असं ज्याचं म्हणणं हाय, त्यानं फुडं यावं आन् दावावं!"

कोण पुढं येतंय? दिवाणजी पगडीची गाठ तपासू लागले.

राजानं मिशी चावली. "बरं. कपाळं कोरी आहेत, तर लिहायला शाळा देतो. पण वैद्य कशाला?"

"अवो सरकार, परत गोवर आला तर लिवायला कपाळ जाग्यावर नको का ऱ्हायला?"

मग राजा असा हसला, असा हसला, की सिंहासनावरचा लोड खाली पडला! "हरलो गं, ठकू! राजवैद्यांतला एक आजच वस्तीत जाईल. शाळा उद्यापासून. आणि तुला हे चांदीचे तोडे! आणखी काय हवं?"

"पंतोजी मिळंस्तवर दिवाणजींना धाडा शिकवायला. लई हसतात. पोरांना हसरा माणूस बरा."

दिवाणजींचं हसू कुठं गेलं कुणास ठाऊक! पहिल्या दिवशी पोरांनी त्यांच्या पगडीत बेडूक सोडला, दुसऱ्या दिवशी उपरण्याची झोळी करून येसूच्या तान्ह्या भावाला निजवलं, आणि तिसऱ्या दिवशी दिवाणजींनी स्वतःच्या पालखीत बसवून पंतोजी आणला, आपण मागून धावत!

संपलं. आता काय तोंड बघता माझं? उठा, निघा, मला कामं आहेत!