शेणखताची पाटी

झाडं माणसांना उलट उत्तरं देत, त्या काळची गोष्ट. इमारती लाकडासाठी लावलेल्या शिवणीच्या रोपांत दोन सख्ख्या बहिणी होत्या. राखणदार डोमाजी ओढ्याकाठच्या थोरलीला पाटी भरभरून शेणखत घाली. मुरमातली धाकटी उपाशीच वाढली.

एका सकाळी सांबर आलं. त्यानं थोरलीला बुडख्यापर्यंत खाल्लं, मग धाकटीचं पान चावलं आणि थुंकलं.

"मीच का?" थोरलीचा बुडखा कळवळला. "पानं तर दोघींची सारखीच!"

"दिसायला सारखीच," सांबरही गोंधळलं. "पण तू गोड लागलीस आणि ही कडूजहर. असं का, ते मला काय ठाऊक?"

धाकटी चक्रावली. आपण कुणालाच आवडत नाही, याचं तिला आजवर वाईट वाटे. आता वाईट वाटून घ्यावं की बरं, तिला कळेना.

तेवढ्यात डोमाजी आला. बुडखा पाहून हळहळला आणि धाकटीजवळ बसला. "तुझ्याकडे माझं लक्षच नव्हतं गं बाई. आता सगळं तुलाच."

त्यानं भरली पाटी तिच्या मुळाशी रिकामी केली. हे खाऊन आपणही ताईसारखं गोड होऊ, म्हणून नको म्हणावं, तर आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिचे लाड करत होतं.

झुडपाआडून सांबर हळूच म्हणालं, "घाला काका, घाला."