साठ सह्या

रेणुका गावंडे जन्मांध. 'रेशनकार्डाचा अर्ज आहे,' असं सांगून सख्ख्या भावाने एका कागदावर तिचा अंगठा घेतला आणि आईने तिच्यासाठी ठेवलेलं घर गेलं. तेव्हापासून तिला छापील कागद मोठ्याने वाचणारं यंत्र हवं होतं. सरकारी योजनेत ते मंजूरही झालं. कपाटाला वाचनाची गोडी नसते, तरी वर्षभर ते समाजकल्याण अधिकारी देऊळकरांच्या कपाटातच राहिलं.

सातव्या खेपेला देऊळकर म्हणाले, "पोचपावतीवर अंगठा द्या, मग यंत्र."

"पावतीत काय लिहिलंय, साहेब?"

"'सर्व अटी अर्जदाराने माझ्यासमोर स्वतः वाचल्या.' खाली माझी सही."

"मी कशी वाचणार?"

"भावाकडून वाचून घ्या. साठ आंधळ्यांनी असेच अंगठे दिले. तुम्हीच काय मोठ्या लागून गेलात?"

रेणुका शांतपणे म्हणाली, "म्हणजे साठ जणांनी स्वतः वाचलं, असं तुम्ही सही करून लिहून दिलंत. मग एक तर त्या साठांना दिसतं, नाही तर तुमच्या साठ सह्या खोट्या. माहितीच्या अधिकारात यातलं काय विचारू?"

देऊळकरांनी कपाट उघडून यंत्र टेबलावर ठेवलं. रेणुकाने पावती यंत्राखाली धरली, सगळ्या अटी ऐकल्या आणि मगच अंगठा उठवला.

नंतर तिने भावाने अंगठा घेतलेल्या त्या जुन्या कागदाची नक्कल पिशवीतून बाहेर काढून यंत्राखाली ठेवली. साहेबांच्या टेबलाशी उभी राहून तिने तो पहिल्यांदाच ऐकला.

"मी माझा हक्क," यंत्र सपाट आवाजात वाचू लागलं, "वाचून, समजून, राजीखुशीने सोडत आहे."